चौसष्ट मिलिसेकंद

योंगसानच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर
अर्धी शटरं आता खालीच असतात.
मी बसतो. स्क्रूड्रायव्हरांचा डबा, भिंग,
बार्लीचा चहा. कधी प्यायलो आठवत नाही, पण कप रिकामा.

पे माल-सुन गुरुवारी आल्या.
पर्समधून रुमाल, रुमालाच्या घडीत मेमरीची पट्टी,
पडलेला दुधाचा दात दाखवायला आणावा तशी.
"अशीच. पण मोठी द्या."
डोंगर चढणाऱ्या मंडळाचे व्हिडिओ त्या जोडतात;
दुसरी खिडकी उघडली की संगणक मटकन बसतो, म्हणाल्या.

मग मी सुरू झालो. तीस वर्षांचं भाषण,
जिभेवर गुळगुळीत झालेलं:
बाई, ही खाच बघा. मधोमध नाही, जरा बाजूला.
पुढच्या पिढीची खाच सरकलेली असते,
जोर लावाल तर मोडेल, पण बसणार नाही.
म्हणून आधी बोर्डाला विचारायचं, मग खिशाला.
तुमच्या बोर्डाला घरं दोन,
सोळाच्या पुढे त्याला मोजता येत नाही.
बत्तीस घेतलीत तर पैसे माझ्या गल्ल्यात
आणि निराशा तुमच्या घरी.
वेगाचे आकडे डब्यावर मोठे छापतात, त्यांना भुलू नका;
जलद पट्टी मंद पट्टीशेजारी बसवली
की तिच्याच चालीनं चालते,
मुरगळलेल्या पायाच्या सोबत्याबरोबर
डोंगर उतरावा तशी.
आणि एक सोळाची घेण्यापेक्षा आठ-आठची जोडी...

"दोन दारं असली की रांग लवकर सरते," त्या म्हणाल्या.

मी थांबलो.

"ईचोनला होते. बावीस वर्षं, बहुतेक रात्रपाळी."
बोटांनी डोळ्यांभोवती चौकट केली:
एवढाच चेहरा उघडा, बाकी पांढरा पोशाख.
मैत्रिणी भुवयांवरून ओळखायच्या.
"ताटाएवढ्या चकत्या जायच्या समोरून, मोरपिसी चमकत.
त्यांच्या पट्ट्या कुठे होतात, कोण विकतं,
ते कधी पाहिलंच नाही."

मग त्यांनी मला शिकवलं. मला!
की आत प्रत्येक आकडा म्हणजे विजेचा थेंब
गळक्या भांड्यातला.
भांडं कितीही निगुतीनं घडवा, गळतंच.
म्हणून चौसष्ट मिलिसेकंदांच्या आत
सगळं पुन्हा वाचायचं, पुन्हा भरायचं,
पाढे विसरेल या धाकानं पोर उजळणी करतं तसं,
वीज जाईपर्यंत.
"आमची पाळीही तशीच," म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

मी भिंग पुढे केलं.
काळ्या चिपवर कारखान्याचं नाव, खाली बारीक अंक:
शून्य नऊ, एकतीस.
दोन हजार नऊ, आठवडा एकतिसावा. जुलै संपतानाचा.
म्हटलं, बघा, तुमच्याच हातची असेल.
त्या ओठांत मोजू लागल्या.
"ही डबाबंद केल्याची तारीख. चकती दोन महिने आधीची.
म्हणजे मे."
बराच वेळ भिंग तसंच धरलेलं.
"मेमध्ये माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता.
ही ओक-बुनची असणार. माझ्या जागी तीच उभी राहायची."

जुन्या पट्टीचे दोन हजार वॉन देतो म्हणालो.
त्यांनी रुमालाची घडी घातली, पर्सची चेन ओढली.
आठ-आठची जोडी, वापरलेली, तपासलेली,
तीस हजार; घासाघीस करून अठ्ठावीस.
जाताना सांगितलंच, सवय जात नाही:
हात लावण्याआधी लोखंडाला शिवा,
अंगातली वीज तिथे सोडा.
दोन्ही टोकांना टक् ऐकू आलं पाहिजे, एका नाही.
आणि पहिली रात्र चाचणी लावून ठेवा,
चूक असली तर पहाटेपर्यंत बोलेल.

शनिवारी फोनवर निरोप:
"सोळा दिसतात. चूक एकही नाही.
ओक-बुनला पट्टीचा फोटो पाठवला.
ती म्हणते, मेमध्ये तीही रजेवर होती."