रुमालाखाली

विश्रामबागेतल्या कॉलेजचा वरचा हॉल,
पंखे तीन, चालू दोन,
आणि कुठल्या कुठल्या देशांतून आलेली अकरा माणसं.
मी त्यांना शिकवतो
'करतील' आणि 'करावे' यांतलं अंतर.

फळ्यावर चौकटी कंस काढतो.
ज्यावर एकमत नाही ते यात राहतं, सांगतो.
कंस म्हणजे किलकिलं दार.
ते कोण लावतं, किती वाजता लावतं,
तेव्हा तुम्ही कुठं असता, बघा.
श्रीमंतांची माणसं साठ, पाळीपाळीनं झोपतात.
तुम्ही दोघं,
त्यातला एक विमानाचं तिकीट बदलायला गेलेला.

मलावीचा चिसोमो सगळं लिहून घेतो.
भूतानचा किंझांग चहात खारी बुडवतो, ती तुटते,
मग चमच्यानं शोधतो.
सामोआची लोसा लिहीत नाही. बघते.

चौथ्या दिवशी आदगोंडाकाकांना बोलावलं.
वय एक्क्याऐंशी, हळदीच्या सौद्यात पन्नास वर्षं.
"खुर्ची नगं. भाव उभ्यानं हुतो."
खांद्यावरचा रुमाल काढला,
चिसोमोचा हात आत घेतला.
कापड हलत राहिलं, खाली मांजर शिरल्यासारखं.
आत चार बोटं, मग अंगठा, मग दोन पेरं.
तोंडानं काका त्याच्या गावच्या पाण्याची चौकशी करत होते.
"ठरलं," म्हणाले.
चिसोमोला कळलंच नाही
आपण काय भावानं विकलो.

हॉल हसला. मीही.
माझा धडा तयार होता: चेहरा कोरा, बोटं बोलकी.
लिहायला वळलो,
तेवढ्यात लोसानं विचारलं,
हळद ज्याची, त्याचा हात कुठं असायचा?

मी भाषांतर केलं. जरा हळूच केलं.

काका रुमालाची घडी घालत राहिले.
एक घडी, दोन, उलगडून परत एक.
"त्यो व्हय," म्हणाले. "त्यो तिकडं. पोत्यापाशी.
आमचं झालं की त्येला आकडा सांगायचा."

संध्याकाळी हरिपूरला नेलं सगळ्यांना,
पेवांची जागा दाखवायला.
जमिनीत खोल, तोंड माणूस उतरेल एवढंच,
हळद आत वर्षानुवर्षं, ना कीड, ना ओल.
मग कृष्णा आली. गेली. परत आली.
याचं नुकसान कुठल्या रकान्यात, किंझांगनं विचारलं.
माझ्याकडं रकाने होते:
घर, पीक, जनावर, रस्ता.
भोकाला रकाना नव्हता.
पोकळ राहणं हेच ज्याचं काम, ते बुजलं
तर काय बुडालं म्हणून लिहायचं?
लोसा वाकून तिथली माती बघत होती.
आमच्याकडं थडगी गेलीत, म्हणाली. समुद्रात.
त्यांनाही रकाना नाही.

रात्री सराव. मुद्दाम रात्रीच.
मी श्रीमंत देश झालो,
माझ्याबरोबर कॉलेजची बारा पोरं,
झोप काढून, भडंग खाऊन आलेली.
पावणेतीनला मी मऊ आवाजात म्हटलं,
सगळेच दमलोय,
'करावे' ठेवू, कंस काढू, झोपायला जाऊ.
चिसोमोची मान खाली.
किंझांग हो म्हणायच्या बेतात.

लोसा उठली.
माझ्या कोपराखालचा कागद ओढून घेतला,
ज्यावर मी दुपारीच शेवट लिहून ठेवला होता,
आणि तो मोठ्यानं वाचला.
तारखेसकट.

एका पोराच्या हातातलं भडंग हातातच राहिलं.
मला राग आला, खरं सांगतो.
वीस वर्षं मी हेच शिकवतोय
आणि वीस वर्षांत कागद कुणी ओढला नव्हता.
चार वाजले. कंस तसाच.
कुणी झोपायला गेलं नाही,
किंझांगनं उरलेली खारी वाटली, सगळ्यांना, मलाही.

सकाळी काकांचा फोन:
"रुमाल ऱ्हायलाय काय माझा तितं?"
होता. टेबलावर पसरलेला.
उचलून बघितला. खाली काही नव्हतं.
तरी बघितला.