मूळचे पिस्टन

हर्णैच्या चिखलात टेकलेली बोट,
इंजिन उघडं.
टर्बो लावून तिसराच महिना.

मासा लांब गेलाय, जोर हवा, म्हणाला दिगंबर.
हवा कोंबली, जोर आला.
शिट्टी पार सुवर्णदुर्गापर्यंत.

तेव्हाच बोललो होतो :
क्रँक सोसेल, ब्लॉक सोसेल,
पिस्टन मूळचे आहेत, जुन्या श्वासाचे.

आता चौथ्याच्या माथ्याला भोक,
कडा काकवीसारखी ओघळून थिजलेली.
रॉड मात्र सरळ.
पट्टी लावून दोनदा पाहिला,
केसभरही वाकलेला नाही.
असा सरळपणा मला नको वाटतो.

"हा चालेल ना, सत्तारभाय?"

बोटाने तेल पुसत
चालेल, म्हणालो.
किती हवेला, ते त्याने विचारलं नाही.

पाणी चढतंय. पाना दे.