उधारीची वही

वही दाखवते, पण आधी हात पुसा.
तेलकट बोट लागलं की शाई फुटते,
आणि ही शाई त्याचीच, आमच्याकडूनच नेलेली,
दौतीसकट उधार.

वाल्पाराइसोच्या या टेकडीवर
माझ्या बापाचं किराणा दुकान.
आम्ही कानेपा, मूळचे जेनोव्हाकडचे.
खाली बंदर, वर वारा, आणि मधे
एकशे बासष्ट पायऱ्या.
त्या तो रोज संध्याकाळी चढायचा, ओठांत मोजत.

झेल्वाचा वुकाशिन तिसरा.
झेल्वा कुठे आलं म्हणून बापाने नकाशा उघडला,
तर देश नेमका दुमडीवर,
घड्या घालून घालून तिथला कागदच विरलेला.

बोटीतून उतरला तेव्हा एकोणीस वर्षांचा.
सोबत आई, एक आजारी सेनापती आणि कुत्रा.
पहिल्या हिवाळ्यात कुत्रा गेला, मग सेनापती.
आईने मरेपर्यंत पेट्या सोडल्या नाहीत.
"परत जायचंय, पसारा कशाला?"

जकातीच्या गोदामात तो वजनाचा कारकून.
राजा बोले, दळ हाले म्हणतात.
याच्या बोलण्याने हलायचा तराजूचा काटा,
तोही किलो-अर्धा किलो, हमालांच्या बाजूला.

उधार नेताना सही करायची, बापाचा नियम.
न्हाव्याला तोच, पाद्र्याला तोच.
हा पूर्ण नाव लिहायचा. मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली, तरी पूर्ण:
वुकाशिन तिसरा, ईश्वरकृपेने झेल्वाचा राजा,
दोन्ही सरोवरांचा स्वामी, उत्तर खिंडीचा रक्षक.
आणि डावीकडे, बापाच्या किरट्या अक्षरात:
मेणबत्त्या सहा. सार्डिनचा डबा एक. मीठ पाव किलो.

मी आठ वर्षांची होते. विचारलं,
मीठ तुम्ही आमचं नेता,
मग मिठाला कोणी जागायचं?
बापाने डोळे वटारले.
त्याने टोपी काढली आणि माझ्यासमोर वाकला,
थेट कंबरेतून.
इतकं खाली माझ्यासाठी पुन्हा कोणी वाकलं नाही.
नवरासुद्धा नाही, आणि तो चांभार होता.

इस्त्रीवाल्या दोरालीसाशी लग्न केलं त्याने.
तिच्या हातची कॉलर अशी कडक
की मान खाली घालायची सोयच नाही.
मुलगा किल्पुएत टायर विकतो.
वारशाचं विचारलं तर म्हणतो,
कोणत्या मापाचा हवाय?

तो गेला ऑगस्टच्या धुक्यात, काट्यापाशीच.
पाठीवर पोतं असलेला हमाल
पोतं न उतरवता तसाच उभा राहिला, म्हणे.

मग एकतीस वर्षांनी तिथलं सरकार पडलं
आणि काळ्या कोटातले चौघे आले,
एक झेंडा, एक लहानशी पेटी.
हाडं न्यायला.
दोरालीसा म्हणाली, न्या बापडे,
पण हे लोकरीचे मोजेही घाला पेटीत,
पाय गार पडायचे त्याचे.

वहीचा सुगावा त्यांना कोणी दिला, ठाऊक नाही.
त्यांच्याकडे त्याच्या हातची एक सही नव्हती.
कसला हुकूम नाही, कसला तह नाही.
इथे दोनशे चौदा पानं.
म्हणाले, सगळी उधारी फेडतो, व्याजासकट.
एकाने याच गल्ल्यावर आकडेमोड सुरू केली.
मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

बाप म्हणायचा, राज्यं बुडतात, उधारी बुडू देऊ नये.
पण फेडली की आडवी रेघ मारावी लागते,
आणि ही पानं अरुंद आहेत,
रेघ नावावरून जाते.

हाडं गेली. वही राहिली.
उलटा पानं, सावकाश.
डावीकडचंही वाचा.
आता हे शेवटचं: शाई, बाटली एक.
आणि समोर, बघा,
नुसतं वुकाशिन.

पायऱ्यांनी दमला असेल.