नळी धरणारा

महिन्यातून एकदा आमची बोट या बेटाला लागते,
तीही वारा हो म्हणाला तर.
डॉक्टर यास्ना ओयार्सो यांची खुर्ची
इंजिनाच्या खोलीला पाठ लावून ठोकलेली.
लाट आली की ड्रिल वर धरून त्या थांबतात,
गेली की पुन्हा खाली.
मी नळी धरतो. थुंकी ओढणारी.
अकरा वर्षं झाली, चिलोएच्या बेटाबेटांची थुंकी
माझ्या ओळखीची.

आधी शाळेची मुलं.
गमबूट दाराशी, मोज्यांना भोकं, रांग.
सहाव्या वर्षाची दाढ नवीकोरी असते
पण खाचा अशा खोल
की उकडलेल्या बटाट्याचा एक कण
तिथे बिऱ्हाड थाटील.
डॉक्टर खाचा धुतात, वाळवतात,
राळेसारखं काहीतरी पातळ त्यात सोडतात
आणि निळा दिवा दाखवतात, वीस मोजेपर्यंत.
माझे वडील आलेर्सेची साल कुटून
होडीच्या फटी बुजवायचे,
पाणी आत आल्यावर नव्हे,
होडी कोरड्या वाळूवर पालथी असताना.
हे मी मुलांना सांगतो. मुलांना पटतं.
आयांना निळा दिवा पटतो.

मग फ्लोराइडचं वार्निश, इवल्या ब्रशाने.
"अर्धा तास काही खायचं नाही" हे वाक्य पुरं होईतो
एलिसेओच्या खिशातलं सफरचंद
अर्धं संपलेलं.

दुपारी मोठी माणसं.
इथे कडू माते पितात, तीन चमचे साखर घालून,
आणि पत्र्याची एकच नळी घरभर फिरते
दिवसभर. त्या नळीनंतर माझी.

सेगुंदो चिग्वाय, शिंपल्यांसाठी बुड्या मारणारा,
गालावर तळहात दाबून आला. "काढून टाका."
पूर्वी बोट यायची ती उपटायलाच,
बादलीत टपटप वाजायचं, सगळं बेट ऐकायचं.
डॉक्टर म्हणाल्या, मुळं साफ करू,
औषध भरू, वर टोपी बसवू,
दात तुमचाच राहील.
"माझाच आहे हो,
पण माझ्यावरच दात धरून आहे."
तीन फेऱ्या लागल्या. भांडण मिटलं.

आणि दोन्या एदेल्मिरा.
जाळ्याची गाठ सोडवताना पुढचा दात अर्धा गेला,
त्याला एकोणीस वर्षं.
तेव्हापासून हसू आलं की
आधी हात येतो, मातीचा, बटाट्याच्या वाफ्यातून तसाच.
साचा घेतला, गुलाबी लगदा, तिला ओकारी,
मला शिव्या.
रंगांच्या पट्टीतला सगळ्यात पांढरा दात तिने निवडला.
"शेजाऱ्याला शोभेल असा घ्या."
"शेजारी पिवळा आहे, हा माझा दोष?"
पुढच्या फेरीला टोपी बसली.
निळा कागद चावला, उंचवटा घासला, पुन्हा चावला.
आरशात पाहून ती हसली
तोंडावर हात ठेवून.
डॉक्टरांनी हातमोजे काढले.
म्हणाल्या, या हाताला आमच्याकडे औषध नाही.

मग दोन महिने वारा हो म्हणेना.

तिसऱ्या महिन्यात ती धक्क्यावर उभी,
काडेपेटी उघडून दाखवत.
कापसात टोपी. पुन्हा तीच गाठ, तेच जाळं.
डॉक्टर चिडल्या. दात म्हणजे कोयता नव्हे,
किती वेळा सांगायचं.
आणि ती हसायला लागली, अख्खी,
खिंडार उघडं टाकून,
मागचे तीन, वरचा वाकडा, जीभ, सगळं.
एका हातात काडेपेटी, दुसऱ्यात बोटीचा कठडा.
हात गुंतले होते की विसरले होते,
मी विचारलं नाही.

खुर्चीतही थांबेना.
डॉक्टर जुनं सिमेंट खरवडत होत्या,
मी दिवा जवळ ओढला, नळी आत घातली.
"हसू नका, दोन्या," डॉक्टर म्हणाल्या,
"जागा कोरडी ठेवायची आहे."