विनियोग दाखला

महोदय,
एक लाख चौऱ्याऐंशी हजार पोचले. खोली उभी राहिली.
आपला नमुना भरला आहे,
पण रकाने लहान, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते.

'आधीची स्थिती, एका ओळीत.'
पऱ्हाट्यांचा कूड, वर सात पत्रे,
भोंगऱ्या बाजार सरला की आत भट्टी.
मग आम्ही बाहेर, निंबाखाली.
सावली सरके तसा वर्ग सरके,
गोणपाटं, पाट्या, फळा, मी.
बाराचा पाढा बुंध्याला चिकटून,
कविता पार शेळ्यांच्या खुंट्यापाशी.
घड्याळ शिकायच्या आधी
पोरं सावलीचं बोट धरून वेळ शिकली.
(हे 'शैक्षणिक उपक्रम' मध्ये चालेल का?)
एक ओळ झाली नाही. क्षमा असावी.

खर्चाच्या पावत्या जोडल्या आहेत.
विटांची पावती दोन हजारांची.
गेंदीबाई बारेलाला शंभरापुढे मोजता येत नाही,
तिनं दर शंभराला एक खडा ठेवला.
खडे निघाले अठरा.
ट्रॅक्टर सहीविना परत गेला,
संध्याकाळी दोन खड्यांच्या विटा घेऊन आला.

श्रमदानासमोर मी शून्य लिहिलं आहे.
केळीची कापणी सोडून सोळा जणांनी एकेक रोज दिला,
त्याची पावती कुणी फाडत नाही.
शून्य खोटं आहे, एवढं नोंदवून ठेवते.

फोटो दोन, आधीचा आणि नंतरचा.
आपला मुलगा आला होता, चांगला होता,
फक्त म्हणाला, हसू नका.
दुरसिंगला ते जमेना, त्याला मागे उभं केलं.
नंतरच्या वेळी म्हणाला, आता हसा.
तेव्हा दुरसिंगची पाठ ओल्या रंगाला लागलेली,
आणि सदरा एकच.
दोन्ही फोटोंत तो चुकीचा दिसेल.

मातोश्रींच्या नावाची पाटी दारावर बसवली.
'ज्योत्स्नाबाई' मधलं 'त्स्न' वाचायला
चौथीला आठ दिवस लागले.
लहानगी घरी सांगतात,
आम्ही जोसनाबाईच्या घरात शिकतो.
रागावू नये.

पहिल्या दिवसाचं कुठल्याच रकान्यात बसत नाही.
उत्तरेला दोन खिडक्या, खाली गार फरशी,
दोघं तर तिला गाल लावून पडले.
साडेअकराच्या सुमारास
कुणी काही न बोलता सगळी उठली,
गोणपाटं उचलली
आणि वीतभर भिंतीकडे सरकून बसली.
काय झालं रे?
जैतून म्हणाली, बाई, सावली.
मग तिनं वर पाहिलं.
सगळीकडेच होती.

लाभार्थी पटावर बत्तीस,
आज हजर एकोणीस.
तेरा जण रावेरच्या पलीकडे, आईबापांबरोबर घड वाहायला,
रात्री केळीच्या पानांवर झोपतात.
खोली त्यांची वाट पाहते, असं लिहिणार होते.
खोल्या वाट पाहत नाहीत.
मी पाहते, पण मी मंजूर यादीत नाही.

शिल्लक रुपये तीनशे चाळीस.
यादीत घड्याळही नाही.
पैसे परत पाठवू, की घड्याळ घेऊ?
कृपया कळवावे.
तोवर रायसिंग तासातासाला बाहेर जातो,
निंबाची सावली कुठवर आली ते बघतो
आणि घंटा देतो.
कधी कधी तो बराच वेळ येत नाही.
मी हाक मारत नाही.

आपली,
मदिना रुबाब तडवी,
उपशिक्षिका, उंबरपाणी पाडा, ता. यावल