सव्वा इंचाचा बुश

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
तरी मी आणि दस्तगीर अर्धं शटर उचलून आत,
आणि चहाच्या ग्लासाशेजारी
एक झिजलेला बुश.
कुठल्या यंत्राचा म्हणाल,
तर सांगायला जरा वेळ लागेल.

जूनमध्ये गेलो होतो, बुलेटवरनं.
घरात सांगितलं होतं, मनालीपर्यंत.
मनालीपुढं खिंड, आणि खिंडीपुढं
झाड संपलं.
मी फाउंड्रीच्या वाळूत वाढलेला माणूस.
काळी, जळकी, ओतकाम निघाल्यावर ढिगानं पडलेली
रोज बघतो.
तिथं अख्खा मुलूख तसलाच.
कुणीतरी केवढं तरी मोठं ओतून,
साचा फोडून, निघून गेल्यागत.
काय ओतलं, ते मात्र कुठं दिसेना.

इंजिनाला हवा पुरेना. मलाही.
त्याचं कार्बोरेटरचा स्क्रू पिळून भागलं.

वाटेत दगड रचलेल्या लांबच लांब भिंती,
दगडादगडावर अक्षरं.
भिंत उजव्या हाताला ठेवून जा,
एका मेंढपाळानं खुणेनं सांगितलं.
आपली सवय मुळात डाव्या बाजूची,
आयतंच जमलं.

मग तो मठ, आणि दारातच
पुरुषभर उंचीचं फिरतं चक्र.
येणारा-जाणारा हात लावून फिरवायचा
आणि ते कर्रर्र करायचं.
बाकीचे डोळे मिटून उभे.
मला नुसतं बेअरिंग ऐकू येत होतं.

लामा छुल्टिम, सत्तरीचे असतील,
गालात जर्दाळू धरून बोलायचे.
त्यांनी वाटीतनं काहीतरी कोमट, खारट, तुपकट दिलं,
मी पांढरा रस्सा समजून एका दमात संपवलं.
लोण्याचा चहा होता तो.
ते एवढे हसले की जर्दाळू बाहेर पडला.

चौघांनी मिळून चक्र उचललं.
आत कागदाची जाडजूड गुंडाळी,
एकच मंत्र, लाखदा लिहिलेला.
ते म्हणाले, हळू. आत पुष्कळ बोलणं आहे.
खाली बुश झिजून लंबगोल झालेला.
तात्पुरता दूध पावडरच्या डब्याचा पत्रा गुंडाळून बसवला,
आणि हा खिशात टाकला.
कधी पाठवशील, असं त्यांनी विचारलं नाही.
फक्त बोट हवेत फिरवून दाखवलं:
असं. उलटं कधीच नाही.

घरी हे सगळं सांगितलं.
बायको म्हणाली, न्हाणीतला नळ
चार महिने गळतोय.

तो नळ केला. मग एका रविवारी
जोतिबाच्या वाटेला पोहाळ्याच्या लेण्यांत गेलो.
पोरपणी आम्ही तिथं लपंडाव खेळायचो,
भिक्खूंच्या खोल्या आहेत, हे तेव्हा कुणाला ठाऊक.
ह्या खेपेला एका खोलीत आडवा पडून छत बघितलं.
छिन्नीचे तिरके घाव, एकापुढं एक,
जवळजवळ सारख्या रुंदीचे.
एका जागी हात घसरलाय.
तिथं बोट ठेवून बराच वेळ पडून राहिलो.
वटवाघूळ सोडून कुणी काही बोललं नाही.

आणि आज हा गनमेटलचा तुकडा चकमध्ये.
पिवळी बुरी उडतेय,
आणि मला एकाएकी दिसतं
की जॉब उलटा फिरतोय.
तीस वर्षं माझ्यासमोर उलटाच फिरत आलाय,
कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.
हत्यार मागं घेतलं,
लेथला वळसा घालून
हेडस्टॉकच्या मागं, मोटरपाशी जाऊन वाकून बघितलं.
इथनं सुलटा.

काय झालं मालक, दस्तगीर विचारतो.
काही नाही म्हटलं.
आतनं दोन दोरे सैल ठेव,
तिकडं थंडीनं धातू आक्रसत असणार.

संध्याकाळी पार्सलवर पत्ता लिहायला बसलो
तर गावाचं नाव तीन तऱ्हांनी हातात आलं.
तिन्ही लिहिली.