तळटीप सतरा

अप्पा बळवंत चौकात, गाइडांच्या दुकानामागे
सात पायऱ्या उतरून यावं लागतं माझ्याकडे.
पानाला पंधरा रुपये. जोडाक्षरांचे वेगळे नाहीत.
आजवर चाळीसेक प्रबंध गेले या बोटांखालून:
ऊस, सहकार, पेशवेकालीन नाणी,
एक तर अख्खा पुरंदरच्या अंजिरांवर.
वाचत नाही मी. टाइप करते.
दोन्ही वेगळी कामं आहेत.

पण ही गार्गी दातीर आली गुरुवारी
(पाणी बंद, चहाही विचारता आला नाही)
हिरव्या शाईतली बावन्न पानं घेऊन.
‘स्त्रियांच्या साहित्यातील कथनरीती : एक विश्लेषण’.
सोमवारी द्यायचाय म्हणाली,
आणि तळटिपा बारीक अक्षरात घ्या, विसरू नका.

पान नऊ. ‘खंडित निवेदन’.
पान दहा. पुन्हा ‘खंडित निवेदन’.
अकरा वेळा टाइप केलं मी ते,
शेवटी ख दाबला की बोटंच पुढचं उरकायची.
तिचं म्हणणं असं, की बायका गोष्ट सांगतात ती
तुटत तुटत, मध्येच थांबत,
आणि हे थांबणं म्हणजे
‘एकरेषीय कथानकाला दिलेला जाणीवपूर्वक नकार’.

असेल.

माझी आई भवानी पेठेत विड्या वळायची.
मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री, तंबाखू,
आणि तोंडात ठकूची गोष्ट.
ठकूनं नवऱ्याच्या पेटीला कुलूप घातलं, अठरा,
किल्ली कनवटीला खोचली, एकोणीस,
आणि उंबरा ओलांडून, वीस, दोरा दे गं इकडे,
निघाली.
पंचवीस झाल्या की जुडी.
जुडी बांधली की गोष्ट थांबायची,
ठकू असेल तिथे.
एक पाय उचललेला असला तर उचललेलाच.
नव्या जुडीला ती भलत्याच रस्त्याला लागलेली असायची:
कधी खडकी, कधी सासवड,
आणि एकदा, दिवाळीच्या तोंडावर
हजारभर जास्तीच्या मागितल्या होत्या तेव्हा,
थेट मनमाडपर्यंत गेली.
शेजारची जुलेखाबी विचारायची, पेटीत होतं काय?
आई म्हणायची, छाट निघू दे आधी.
कारखान्याचा माणूस शेकड्यामागे आठ-दहा विड्या
नापास करायचा, बाजूला टाकायचा,
आणि टाकलेल्या परत देत नसे.

नकार होता का, मला ठरवता येत नाही.
मोजणी होती, एवढं नक्की.

शनिवारी रात्री शटर अर्धं खाली ओढून
सोळाव्या तळटिपेखाली मी सतरावी घातली.
बारीक अक्षरात, सांगितल्याप्रमाणे:
‘दर पंचवीस विड्यांनंतर निवेदन थांबते.
पाहा : माझी आई.’
पुसणार होते.
तेवढ्यात कुणीतरी लग्नपत्रिकेचं प्रूफ घेऊन आलं,
वधूच्या नावात वेलांटी चुकलेली.

सोमवारी ती पायरीवर उभ्यानंच चाळू लागली.
एकतिसाव्या पानावर थांबली.
मी पैसे कमी घ्यायची तयारी ठेवली होती.
ती म्हणाली, ‘संदर्भ अपुरा आहे हो.
प्रकाशक? साल? पान?’
प्रकाशक कुणी नाही, म्हटलं.
साल आठवत नाही, मी तिसरीत होते.
पान टेंभुर्णीचं.

हसली नाही. हे मला आवडलं.
स्टूल ओढून बसली, हिरव्या पेनाचं टोपण काढलं.
‘मग पेटीत काय होतं?’

मागे एक मुलगा पेनड्राइव्ह हातात धरून
हॉलतिकिटासाठी ताटकळत होता.
मी सांगायला लागले,
कुलूप, किल्ली, उंबरा,
तर टेबलाखाली माझा अंगठा
तर्जनीवर आपोआप वळायला लागलेला.
‘आणि?’ ती म्हणाली.
सात, म्हटलं मी. आठ.
थांब जरा.